दोन हवीत, म्हणून सहा

लोकसंख्येचा धडा शिकवून झाला की चाचणीत एक प्रश्न हमखास येतो: ‘मोठ्या कुटुंबाची कारणे लिहा.’ उत्तरही ठरलेलं असतं. अज्ञान, निरक्षरता, अंधश्रद्धा आणि मुलगाच हवा हा हट्ट. चार मुद्दे, चार गुण. बहुतेक मुलं ते बरोबर लिहितात. त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर पाच बहिणींतली एक मुलगी बसलेली असते. तिनेही तेच चार मुद्दे लिहिलेले असतात आणि तिलाही चारपैकी चार गुण मिळतात. आपण आपल्याच आईवडिलांविषयी काय लिहून आलो, हे तिला कळलेलं असतं. वही तपासताना आपल्याला मात्र ते जाणवत नाही.

ते उत्तर अगदीच चूक आहे असं आम्हाला म्हणायचं नाही. पण ते फार लवकर संपतं. एखाद्या कुटुंबाला किती मुलं परवडतात, हा प्रश्न वरवर पाहता साध्या भागाकाराचा वाटतो. उत्पन्न इतकं, खाणारी तोंडं इतकी, करा भागाकार. मग ज्यांचं उत्पन्न कमी त्यांच्याच घरी मुलं जास्त का, हे कोडं उरतं. गरिबाला हिशेब कळत नाही असं म्हटलं की ते सुटल्यासारखं वाटतं. पण मीठ-मिरचीपासून बी-बियाण्यापर्यंत पै-पैचा हिशेब जितका गरीब घरात होतो, तितका आपल्या घरांत होत नाही. तेव्हा शंका घ्यायची असेल तर आधी आपल्या भागाकारावर घ्यायला हवी.

या लेखात आपण तोच हिशेब पुन्हा मांडून पाहू. साहित्य थोडंच लागेल: प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक नाणं, फळा आणि खडू.

नाण्यांचा खेळ

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत भारतातलं सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांच्याही आत होतं. याचा अर्थ लोक पंचविशीत म्हातारे होऊन मरत असा नाही. त्या काळीही सत्तरीचे आजोबा गावोगावी होते. सरासरी खाली ओढली जात होती ती लहान मुलांच्या मृत्यूंमुळे. ढोबळमानाने जन्मलेल्या दोन मुलांपैकी एक मूल मोठं होण्याआधीच दगावत असे. दोनांत एक म्हणजे नाणेफेकच.

वर्गातला प्रत्येक विद्यार्थी म्हणजे एक घर असं समजा. नाणं एकदा उडवणं म्हणजे एक जन्म. छापा पडला तर मूल मोठं झालं, काटा पडला तर दगावलं. (एक काळजी घ्या. वर्गात एखाद्याचं भावंड खरोखरच गेलेलं असू शकतं. तशी शंका असेल तर मुलांऐवजी रोपं म्हणा. हिशेब तोच राहतो.)

प्रत्येक घराची इच्छा एकच आहे: दोन मुलं मोठी व्हावीत. पहिल्या फेरीत प्रत्येकाने नाणं दोनदा उडवावं. दोन्ही वेळा छापा येण्याची संभाव्यता १/४, म्हणजे चारांतल्या तीन घरांची इच्छा अपुरी राहणार. त्यांतल्या एका घरात तर एकही मूल उरणार नाही.

कुणीतरी हुशार विद्यार्थी लगेच म्हणेल, ‘निम्मी दगावतात ना? मग चार मुलं होऊ द्यावीत, म्हणजे दोन उरतील.’ ही सरासरी झाली. आता चार-चार वेळा नाणं उडवून पाहा. चार फेकींचे एकूण १६ प्रकार होतात. त्यांपैकी एका प्रकारात एकही छापा नाही आणि चार प्रकारांत एकच छापा. म्हणजे सोळांतल्या पाच घरांत दोन मुलं नाहीतच. शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही हा खेळ ३२ जणांबरोबर खेळलो. गणिताप्रमाणे दहा घरं अपुरी राहायला हवी होती, प्रत्यक्षात अकरा राहिली. सरासरी मात्र दोनच्या अगदी जवळ आली होती! या जागी वर्गात थोडं थांबायला हवं. गावाची सरासरी दोन असली म्हणून ज्या घरात पाळणा रिकामा राहिला, त्या घराला त्याचा काय उपयोग? कुटुंब सरासरीवर जगत नाही. ते आपल्या वाट्याला आलेल्या नाण्यांवर जगतं.

आता सहा वेळा उडवू. ६४ प्रकारांपैकी फक्त सातांत दोनपेक्षा कमी छापे येतात. म्हणजे नऊ घरांतल्या साधारण आठांची इच्छा पुरी होते. दोन मुलं हवीत, म्हणून सहा. हे सहा म्हणजे उधळपट्टी नव्हे. तो विम्याचा हप्ता होता, आणि तो भरावा लागत होता बाईच्या देहाला.

खेळ संपल्यावर शिबिरातल्या एक बाई म्हणाल्या, ‘माझ्या सासूबाई बाळंतपणं सांगायच्या अकरा आणि मुलं सांगायच्या चार. मधल्या सातांबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत.’

या खेळात आपण एक गोष्ट सोपी करून घेतली आहे. नाण्याच्या प्रत्येक फेकीचा आधीच्या फेकीशी संबंध नसतो. खऱ्या घरांत तसं नसतं. गढूळ पाणी, अपुरं अन्न आणि दूरचा दवाखाना ज्या घराच्या वाट्याला येतो, त्या घरात एकामागून एक मुलं दगावतात. म्हणजे गरिबाचं नाणं आधीच काट्याकडे झुकलेलं असतं. त्यामुळे त्याला हप्ताही मोठा भरावा लागतो.

नाणं बदललं, सवय राहिली

पुढे हे नाणं बदललं. दुष्काळात अन्न पोहोचू लागलं, देवी गेल्या, हिवताप आटोक्यात आला, लसी आल्या, जुलाबावर मीठ-साखर-पाण्याचा साधा उपाय घरोघर पोहोचला. १९७१ मध्ये भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी दगावत होती. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला. यासाठी प्रत्येक वेळी मोठी इस्पितळंच लागली असं नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला ऊब देणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि वेळेवर औषध देणं अशी ही कामं होती. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तिथला नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

समजा, आता दहांतलं एकच मूल दगावतं. वर्गात नाण्याऐवजी पिशवीत दहा चिंचोके घ्या आणि त्यांतला एक रंगवा. चिंचोका काढायचा, पाहायचा आणि पुन्हा पिशवीत टाकायचा. आता तीन जन्मांत ९७ टक्के घरांना दोन मुलं मिळतात. सहांची गरजच उरत नाही.

पण पिशवी बदलल्याचं घरात कळणार कसं? मृत्युदराचे तक्ते कुणी वाचत नाही. जोडपं आपला अंदाज बांधतं तो लहानपणी पाहिलेल्या भावंडांच्या, शेजारच्या बाळांच्या मृत्यूंवरून. म्हणजे हिशेबातला आकडा जवळजवळ एक पिढी जुना असतो. मधल्या काळात जन्म सहाच होत राहतात आणि त्यांतली पाचाहून अधिक मुलं जगतात. भारताची लोकसंख्या १९५१ मध्ये ३६ कोटी होती. १९८१ मध्ये ती ६८ कोटी झाली. लोक पूर्वीपेक्षा जास्त मुलं जन्माला घालू लागले म्हणून हे घडलं नाही. मुलं मरायची कमी झाली म्हणून घडलं. ‘लोकसंख्येचा स्फोट’ हे शब्द शिकवताना ही गोष्ट सांगायची राहून जाते. त्या आकड्यात आपल्या आधीच्या पिढ्यांनी जगवलेली मुलं आहेत.

मोजायचं कुणाला?

आतापर्यंत आपण ‘मूल’ मोजलं. आता प्रश्न थोडा बदलू. ज्या समाजात मुलगी लग्न होऊन दुसऱ्या घरी जाते, जमीन मुलाच्या नावावर होते आणि म्हातारपणाची काठी म्हणजे मुलगाच समजला जातो, तिथे जोडपं काय मोजतं? ‘एक तरी मुलगा मोठा व्हावा.’ मुलगा किंवा मुलगी होण्याची शक्यता ढोबळमानाने निम्मी-निम्मी धरू. मग दहांतल्या सुमारे नऊ घरांची इच्छा पुरी व्हायची असेल तर किती जन्म लागतील? वर्गातल्या मोठ्या मुलांना हे स्वतः काढू द्या. उत्तरं अशी येतील:

निम्मी मुलं दगावत असतील तेव्हा: फक्त मुलगा मोजला तर ८ जन्म, मुलगा-मुलगी सारखी मोजली तर ४.

दहांत एक दगावत असेल तेव्हा: फक्त मुलगा मोजला तर ४, दोघं मोजली तर १.

एकही मूल दगावत नसेल तेव्हा: फक्त मुलगा मोजला तर ४, दोघं मोजली तर १.

पहिल्या ओळीतले ८ कसे आले ते पाहू. जन्मणारं मूल मुलगा असण्याची शक्यता १/२ आणि तो जगण्याची १/२, म्हणून ‘मोठा झालेला मुलगा’ मिळण्याची शक्यता दर जन्मामागे १/४. तो न मिळण्याची ३/४. आठ जन्मांत एकदाही न मिळण्याची शक्यता म्हणजे ३/४ चा आठवा घात, जवळजवळ १/१०. बाकीचे आकडे याच रीतीने निघतात.

या तीन ओळी फळ्यावर लिहून ठेवाव्यात अशा आहेत. पहिल्या ओळीवरून दुसऱ्या ओळीवर यायला औषधं, लसी, स्वच्छ पाणी पुरतं. आठाचे चार होतात. पण दुसरी आणि तिसरी ओळ पाहा. फक्त मुलगा मोजायचा असेल तर एकही मूल दगावलं नाही तरी चाराखाली आकडा येत नाही! तो खाली आणण्याचं काम डॉक्टरांच्या हातात नाही. तिथे डावीकडच्या हिशेबातून उजवीकडच्या हिशेबात यावं लागतं, म्हणजे मुलगीही मोजावी लागते. ती मोजली की दहांत एक दगावत असतानाही दोन जन्मांत शंभरांतल्या ९९ घरांना किमान एक मूल मिळतं.

अर्धाच बदललेला हिशेब

आणि मुलगी मोजली नाही, पण मुलं मात्र दोनच हवी असतील तर? हिशेब जुळत नाही. दोन मुलं होऊन एकही मुलगा नाही असं चारांतल्या एका घरात होणारच. निसर्गाचं नाणं तसंच आहे. न जुळणारा हिशेब मग लोक दुसऱ्या वाटेने जुळवतात. १९८० च्या दशकात गर्भजलपरीक्षा आणि पुढे सोनोग्राफी या तंत्रांनी ती वाट दाखवली. गर्भलिंगपरीक्षेला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ अशी घसरत गेली. निसर्गतः शंभर मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. म्हणजे हा आकडा ९५० च्या आसपास असायला हवा.

२००१ च्या जनगणनेत सर्वांत खालच्या आकड्यांमध्ये सांगली (८५१) आणि कोल्हापूर (८३९) हे जिल्हे होते. ऊस, दूध, साखर कारखाने, शाळा-कॉलेजं असलेला हा सधन भाग. गडचिरोली आणि नंदुरबार या आदिवासी जिल्ह्यांत मात्र हेच प्रमाण ९५० च्या वर होतं. ‘अज्ञान, निरक्षरता’ या मुद्द्यांनी याचं उत्तर मिळत नाही. इथे भागाकार येणारी माणसं होती आणि त्यांनी तो अचूक केला होता. चूक होती ती कुणाला मोजायचं या ठरवण्यात.

ज्या घरांनी ही वाट धरली नाही पण हिशेबही बदलला नाही, तिथे मुलगा होईपर्यंत मुली होत राहिल्या. त्यांतल्या काहींची नावंच ‘नकुशा’ ठेवली गेली. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८० हून अधिक मुलींना समारंभाने नवी नावं देण्यात आली. हजेरी घेताना आपणही कधी असं नाव पुकारलं असेल.

जमा कुठे, खर्च कुठे?

हिशेबाचा आणखी एक भाग राहिला. मूल जगलं, पुढे ते घराला देतं किती आणि घेतं किती? मध्यमवर्गीय घरात मूल वीस-बावीस वर्षं खर्चाच्या बाजूलाच असतं. शेतकरी-मजुराच्या घरात पूर्वी तसं नव्हतं. सातव्या-आठव्या वर्षी ते गुरांमागे जाई, शेण-गोवऱ्या करी, पाणी भरी, कापूस वेची. दहा-बारा वर्षांचा मुलगा आपल्या भाकरीपुरतं काम सहज करी. अशा घरात ‘एक तोंड वाढलं’ याच्या शेजारीच ‘दोन हात वाढले’ असं लिहिलेलं असे.

१९५० च्या दशकात पंजाबातल्या खन्ना परिसरात अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी संततिनियमनाचा मोठा प्रयोग केला. घरोघर जाऊन माहिती दिली, गोळ्या वाटल्या. लोकांनी त्या आदराने घेतल्या, पण बऱ्याच जणांनी वापरल्याच नाहीत. पुढे महमूद ममदानी हे अभ्यासक त्याच परिसरातल्या मानूपूर गावी गेले आणि त्यांनी लोकांनाच कारण विचारलं. त्यांचं पुस्तक १९७२ मध्ये निघालं. लोकांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: मुलं कमी केली तर शेतात राबायला माणसं विकत आणावी लागतील, आणि तेवढा पैसा आमच्याजवळ नाही. आपल्याला वाटतं की मुलं जास्त म्हणून ते गरीब. त्यांचा हिशेब उलटा होता: गरीब आहोत, म्हणून मुलं कमी परवडत नाहीत.

शाळा हा हिशेब बदलते. मूल दिवसभर वर्गात बसलं की जमेची बाजू आटते आणि वह्या-गणवेश-एसटीच्या पासाने खर्चाची बाजू वाढते. त्याच वेळी शिकलेल्या एका मुलाकडून चार अडाणी मुलांपेक्षा अधिक आधाराची आशाही वाटू लागते. मुली शिकल्या की तर दोन्ही बाजू हलतात. लग्न पुढे जातं, स्वतःची मिळकत शक्य होते, दवाखान्यात जाऊन बोलायचा धीर येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शाळेत न गेलेल्या स्त्रियांचा एकूण जननदर २.८ होता, बारावी किंवा अधिक शिकलेल्यांचा १.८. (एकूण जननदर म्हणजे त्या वेळचे दर कायम राहिले तर एका स्त्रीला आयुष्यात सरासरी होणारी मुलं.) पेन्शन आणि भविष्य निर्वाह निधी असलेल्या नोकरदाराला म्हातारपणासाठी मुलांची संख्या मोजावी लागत नाही. शेतमजुराला लागते. हा फरक समजुतीचा नाही, परिस्थितीचा आहे.

या जमाखर्चात एक रक्कम मात्र कुठेच लिहिली जात नाही. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो आणि उचल त्यावर मिळते. दोघं फडात गेली की कोपीपाशी बाळाला कोण सांभाळणार? नऊ-दहा वर्षांची थोरली बहीण. आपल्या हजेरीपटावर दिवाळीनंतर तिच्या नावापुढे ओळीने खाडे लागतात. घरात ‘एक मूल वाढलं तर कुठं जड होतंय’ असं म्हटलं जातं, तेव्हा ते जड होत असतं तिला. धाकट्याच्या संगोपनाचा खर्च थोरलीच्या शिक्षणातून वळता केलेला असतो. म्हणूनच ‘परवडतं’ असं कुणी म्हणालं की विचारावं, नेमकं कुणाला?

ठरवायचं कुणी?

इथवर आपण अशा भाषेत बोललो की जणू जोडप्याने बसून विचार केला आणि आकडा ठरवला. खरं तर बहुतेक घरांत हा हिशेब रूढीत मुरलेला होता आणि अनेक बायकांना ठरवण्याची संधीच नव्हती. थांबायचं म्हटलं तरी साधन नव्हतं, आणि साधन असतं तरी ‘नको’ म्हणायचा अधिकार नव्हता.

महाराष्ट्रात ही गोष्ट उघडपणे मांडणारा माणूस गणिताचा प्राध्यापक होता, हा योगायोग मोठा छान आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. मेरी स्टोप्स यांचं लंडनमधलं केंद्रही त्याच वर्षीचं. या कामापायी कर्व्यांची विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत राहिले. किती मुलं आणि केव्हा, हे ठरवण्यात स्त्रीची इच्छा मोजली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

भारत सरकारने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. पण कार्यक्रम माणसांकडून आकड्यांकडे वळला की काय होतं तेही आपण पाहिलं. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत बहुसंख्य पुरुष होते. अनेक ठिकाणी शिक्षकांनाही ‘केसेस’ आणण्याचं लक्ष्य दिलं गेलं होतं. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. सक्तीचा परिणाम उलटा झाला. पुरुष या कार्यक्रमापासून दूर गेले आणि सगळा भार बायकांवर आला. २०१९-२१ च्या पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्या विवाहित स्त्रियांचं प्रमाण सुमारे ३८ टक्के होतं. पुरुष नसबंदी ०.३ टक्के. पुरुषांची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी जोखमीची असूनही!

याउलट केरळात सक्तीशिवाय, मुलींच्या शाळा आणि गावागावांतले दवाखाने यांच्या जोरावर जननदर १९९२-९३ पर्यंत २.० वर आला होता. देशाचा आकडा तेव्हा ३.४ होता.

आता उलटी चिंता

२०१९-२१ च्या पाहणीनुसार भारताचा एकूण जननदर २.० आहे आणि महाराष्ट्राचा १.७. लोकसंख्या दीर्घकाळ स्थिर राहायला हा आकडा सुमारे २.१ लागतो. आईवडील दोन, मग २.१ का? कारण मुली मुलांपेक्षा थोड्या कमी जन्मतात आणि काही मुली आई होण्याच्या वयाआधी दगावतात. ती तूट भरून काढायला वरचा दशांश लागतो. १९९२-९३ मध्ये पाच वर्षांच्या आत दगावणारी मुलं हजारी १०९ होती. २०१९-२१ मध्ये ४२. नाणं बदलल्याचं घराघरांत कळलं आहे.

आज शहरातलं जोडपं ‘एकच परवडतं’ म्हणतं तेव्हा तेही परिस्थितीच मोजत असतं: शाळेची फी, घराचे हप्ते, आईची नोकरी आणि बाळाला सांभाळायला कुणी नसणं. त्याला स्वार्थी म्हणणं हे मानूपूरच्या शेतकऱ्याला अडाणी म्हणण्यासारखंच होईल. आकडा बदलावा असं वाटत असेल तर ज्या गोष्टी मोजून तो येतो त्या बदलाव्या लागतात.

वर्गात करून पाहण्यासाठी

मुलांना तीन पिढ्यांची माहिती गोळा करायला सांगा: आजी-आजोबांना, आईवडिलांना आणि त्यांना स्वतःला किती भावंडं? जन्मलेली किती, मोठी झालेली किती? (सांगायला नको वाटलं तर आग्रह नको.) प्रत्येक पिढीची सरासरी काढा. पण या पाहणीत एक चूक दडलेली आहे, ती मुलांना शोधू द्या. समजा गावात तीनच घरं आहेत आणि त्यांत १, २ आणि ६ मुलं आहेत. घरांची सरासरी ३. पण शाळेत विचारलं तर एक जण ‘१’ सांगेल, दोघं ‘२’ सांगतील आणि सहा जण ‘६’ सांगतील. सरासरी येईल साडेचाराहून थोडी जास्त! मोठ्या घरातली मुलं वर्गात जास्त असतात आणि ज्या घरात मूलच नाही ते घर वर्गात येतच नाही. तेव्हा मुलांना विचारलेली सरासरी ही कुटुंबांची सरासरी नसते. पाहणीचे आकडे वाचताना ‘कुणाला विचारलं?’ हा प्रश्न आधी विचारायचा, एवढं यातून शिकता आलं तरी पुष्कळ झालं.

आणि चाचणीतला तो चार गुणांचा प्रश्न? तो आपण असा विचारून पाहू: ‘किती मुलं हवीत हे ठरवताना तुमच्या आजीच्या घरात काय काय मोजलं गेलं असेल? काय मोजायचं राहिलं असेल?’ या प्रश्नाला मार्गदर्शिकेत उत्तर सापडणार नाही. तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीजवळ मात्र लिहिण्यासारखं बरंच असेल, आणि ते लिहिताना तिला मान खाली घालावी लागणार नाही.